ओव्याच्या तेलाचं माप

जयपूरहून आग्रा रस्त्याला लागलं आणि कानोता मागे पडलं की थोड्याच वेळात बस्सी येतं. पशुवैद्यकीतल्या माणसाला हे गाव ठाऊक असतं ते इथल्या गोठित वीर्य बँकेमुळे. आपल्याकडे उरुळीकांचन म्हटलं की मणिभाई देसाई आणि बाएफ डोळ्यांपुढे येतात. इथल्या पशुपालकाला बस्सी म्हटलं की वळूंच्या रेतमात्रा आठवतात. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली एक बारीक स्ट्रॉ पंचवीस वर्षांनी बाहेर काढली तरी तिच्यापासून वासरू होऊ शकतं. तोवर तो वळू कधीच मरून गेलेला असतो.

मी काम केलं ते त्याच तालुक्यात, पण कोंबड्यांवर. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर काही वर्षं सातारा-पुण्याकडच्या ब्रॉयलर फार्मांवर काढली आणि मग देशी कोंबड्यांच्या एका खाजगी पैदास केंद्राचं काम घेऊन इकडे आले. आमची सगळी मदार चार-पाच अंशांवर ठेवलेल्या एका फ्रिजवर होती. वळूच्या वीर्याचा हिशेब वर्षांत होतो, आमचा तासांत व्हायचा. सकाळी काढलेलं कोंबड्याचं वीर्य दुसऱ्या दिवशी दुपारी कामाचं राहील का, एवढ्याच प्रश्नाभोवती माझी बस्सीतली वर्षं गेली, आणि या प्रश्नाला मी आजही छोटा मानत नाही.

ही विषमता जास्त टोचते, कारण वीर्य गोठवण्याची विद्या सापडली तीच कोंबड्यावर. 1940च्या दशकाच्या अखेरीला लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स हे तिघं कोंबड्याचे शुक्राणू फळशर्करेच्या द्रावात गोठवून पाहत होते. यश येत नव्हतं. मग शीतगृहात ठेवलेल्या एका बाटलीतला द्राव वापरला आणि वितळवल्यावर शुक्राणू हलू लागले. बाटलीवर चिठ्ठी साखरेची होती, तपासणी केली तर आत निघालं ग्लिसरॉल. त्या एका गोष्टीवर आजचं गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन उभं आहे. 1951 साली गोठवलेल्या वीर्यापासून वासरू जन्माला आलं. त्याच वर्षी पोल्जने गोठवलेल्या वीर्यापासून कोंबडीची पिल्लंही काढून दाखवली, पण त्यासाठी आधी वीर्यातलं ग्लिसरॉल काढून टाकावं लागलं. शुक्राणूला थंडीत जपणारं तेच ग्लिसरॉल कोंबडीच्या प्रजननमार्गात गेलं की फलन जवळजवळ थांबवतं. ते हळूहळू धुऊन काढायचं तर यंत्रं हवीत, सराव हवा, आणि एवढं करूनही हाती येणारा निकाल कधी चांगला तर कधी अगदीच निराशाजनक. त्यामुळे गोठवलेलं कोंबड्याचं वीर्य जनुक-बँकांपुरतं राहिलं. गावात पोचायचं तर थंड केलेलं, न गोठवलेलं वीर्यच न्यावं लागतं.

वीर्य काढण्याचं काम मला फार आवडायचं. दोन माणसं लागतात. पिंजऱ्यांवर काम करणारे आमचे काकासा कोंबडा काखेत धरत, त्याचे पाय बोटांच्या मध्ये. मी डाव्या हाताने पाठीवरून शेपटीकडे तळवा फिरवायची. चार-सहा वेळा फिरवला की कोंबडा शेपटी वर करतो. त्याच क्षणी अंगठा आणि तर्जनीने गुदद्वाराच्या दोन्ही बाजू हलक्या दाबायच्या आणि काचेचं छोटं नरसाळं खाली धरायचं. पोटाला मसाज करून वीर्य काढण्याची ही पद्धत 1930च्या दशकात अमेरिकेत बरोज आणि क्विन यांनी बसवली आणि तिच्यात आजवर फारसा बदल झालेला नाही. मिळतं किती? पाव ते अर्धा मिलिलिटर. पण त्या थेंबभरात, एका मिलिलिटरला तीनशे ते सातशे कोटी, या दराने शुक्राणू असतात. रंग दाट दुधाळ हवा. पिवळसर झाक दिसली, पांढरा चुनखडीसारखा कण दिसला, की युरेट किंवा विष्ठा मिसळली समजायचं आणि ते वीर्य टाकून द्यायचं. नवीन मुलांना टाकून द्यायला जिवावर येतं. काकासांना कधी आलं नाही. "मॅडमजी, हे खराब आहे," एवढंच म्हणून ते नरसाळं बाजूला ठेवत. कोंबड्याला आदल्या काही तासांत खाद्य न देणं, गुदद्वाराभोवतीची पिसं कातरून ठेवणं, रोज त्याच माणसाने त्याच वेळी हाताळणं, या गोष्टींनी जेवढी स्वच्छता येते तेवढी कुठल्याही औषधाने येत नाही.

मग ते थंड करायचं. कोंबड्याच्या शरीराचं तापमान 41 अंशांच्या आसपास, वृषणं पोटात. एवढ्या उबेत तयार झालेल्या शुक्राणूला एकदम फ्रिजमध्ये ढकललं तर त्याच्या आवरणाला धक्का बसतो. म्हणून वीर्य पातळ करणारा द्राव, म्हणजे डायल्यूटर, घालून नळी कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करायची आणि भांड्यासकट फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे पाणी निवत जाईल तसं वीर्य निवतं. डायल्यूटरमध्ये ग्लुटामेट, फ्रुक्टोज, फॉस्फेट, मॅग्नेशियम असे क्षार-शर्करा असतात. एडिंबराच्या पीटर लेक यांनी बसवलेले द्राव आणि 1977 साली सेक्स्टन यांनी बेल्ट्सव्हिलमध्ये बसवलेला द्राव आजही जगभर चालतात. नळी काठोकाठ भरायची नाही, वर हवा राहू द्यायची, कारण हे शुक्राणू श्वास घेतात. टर्कीच्या वीर्याला तर सतत हलवत हवा द्यावी लागते. कोंबडा त्या मानाने सोशिक.

एवढं सगळं नीट केलं तरी दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली फरक दिसतोच. ताज्या वीर्याचा थेंब कमी वर्धनावर पाहिला तर उकळी आलेल्या दुधासारखे भोवरे फिरताना दिसतात. चोवीस तासांनी भोवरे मंदावलेले असतात, काही शुक्राणू जागच्या जागी थरथरतात, काहींच्या माना वाकलेल्या दिसतात. याचं एक कारण त्यांच्या घडणीतच आहे. कोंबड्याचा शुक्राणू दोऱ्यासारखा लांब आणि अतिशय बारीक, डोक्याची रुंदी जेमतेम अर्धा मायक्रॉन. आत पेशीद्रव नावालाच, त्यामुळे स्वतःला वाचवणारी विकरंही थोडीच. आणि बाहेरच्या आवरणात बहुअसंतृप्त मेदाम्लं भरपूर. हीच मेदाम्लं आवरणाला लवचीक ठेवतात आणि हीच प्राणवायूच्या संपर्कात सगळ्यात आधी खवट होतात. थंडीने हा वेग कमी होतो, थांबत मात्र नाही. शिवाय वीर्य कितीही जपून काढलं तरी गुदद्वारातून येणारे जंतू सोबत येतात आणि फ्रिजमध्येही काही तग धरतात. त्यांच्यासाठी डायल्यूटरमध्ये प्रतिजैविक घालण्याची रीत आहे.

वनस्पतींची सुगंधी तेलं इथे येतात. खवटपणा रोखणं आणि जंतूंना आवरणं, ही दोन्ही कामं करू शकतील अशी संयुगं त्यांच्यात असतात. अल्जीरिया आणि इराणमधल्या संशोधकांनी रोझमेरीवर बरंच काम केलं आहे. थाईम, लवंग, दालचिनी यांचीही नावं येत राहतात. आम्ही ओवा निवडला, त्याची कारणं साधी होती. राजस्थान ओव्याचा प्रदेश. चित्तोडगडच्या बाजूचा ओवा जयपूरच्या बाजारात सहज मिळतो. अजमेरजवळ तबीजीला बीजीय मसाल्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यामुळे या पिकांची माहिती हाताशी. आणि ओव्याच्या तेलाचा मुख्य घटक थायमॉल. आपल्या घरांतून पोटदुखीवर अमृतधारेचे थेंब द्यायची पद्धत होती. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एकत्र केलं की ते तिन्ही खडे आपोआप पातळ होतात. त्यातलं ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल. थाईमवर जे प्रयोग झाले त्यातलं कामाचं द्रव्य आमच्या मसाल्याच्या डब्यात होतं.

तेल आम्ही स्वतः काढायचो. भरडलेला ओवा आणि पाणी गोल चंबूत घालून तीन-चार तास उकळायचं. वाफ थंड होऊन काचेच्या नळीत उतरते आणि पाण्यावर फिकट पिवळ्या तेलाची पट्टी तरंगू लागते. शंभर ग्रॅम ओव्याला साधारण दोन ते चार ग्रॅम तेल. त्या दिवशी सगळ्या इमारतीला ओव्याचा वास यायचा आणि खाद्य मिसळणाऱ्या बायका खिडकीतून डोकावून विचारायच्या, "आज कोणाचं पोट दुखतंय?"

तेल काढणं सोपं. माप अवघड, आणि या विषयात खरं कौशल्य मापाचंच आहे. थायमॉल जंतूला मारतं ते त्याच्या आवरणात घुसून, त्याला भोकं पाडून. शुक्राणूलाही आवरण आहे, आणि जंतूच्या आवरणापेक्षा ते जास्त नाजूक आहे. त्यामुळे मात्रा थोडी वाढली की जपणारं तेलच मारायला लागतं. ओव्याच्या तेलाची मोठी मात्रा शुक्राणूंना काही मिनिटांत निश्चल करते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. गर्भनिरोधनासाठी या तेलाचा विचार झाला आहे तोही याच गुणामुळे. आणि मात्रा फार कमी केली तर साध्या डायल्यूटरपेक्षा काही वेगळं घडत नाही. या दोन टोकांच्या मधली कामाची जागा अरुंद आहे. ती मिलिलिटरला मायक्रोग्रॅमच्या हिशेबात शोधावी लागते.

त्यात तेल पाण्यात विरघळत नाही. थेंब टाकला तर वर तरंगतो, नळीच्या कडेला चिकटतो, प्लॅस्टिक असेल तर त्यात मुरतो. मग वरच्या थरातल्या शुक्राणूंना विषाची मात्रा आणि तळातल्यांना काहीच नाही, असं होतं. म्हणून तेल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा ट्वीन-80 मध्ये मिसळून त्याचे सूक्ष्म थेंब करायचे, काचेच्या नळ्या वापरायच्या, आणि प्रत्येक फेरीत एक नळी अशी ठेवायची की जिच्यात तेल नाही, नुसतं ते अल्कोहोल किंवा ट्वीन आहे. ही शेवटची नळी अनेक ठिकाणी ठेवलीच जात नाही. ती नसेल तर फायदा किंवा नुकसान तेलाने झालं की त्याला विरघळवणाऱ्या द्रव्याने, हे कळायला मार्गच उरत नाही. मी परीक्षक म्हणून बसले की सगळ्यात आधी ती नळी शोधते.

बस्सीच्या हिवाळ्याने आणखी एक गोष्ट शिकवली. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. सकाळी कपाट उघडलं की तेलाच्या बाटलीच्या तळाशी पांढरे टोकदार खडे धरलेले दिसत. ते थायमॉल. म्हणजे वरच्या तेलात थायमॉल कमी झालेलं, आणि पिपेट बुडते ती वरच्याच तेलात. जूनमध्ये मोजलेला एक मायक्रोलिटर आणि जानेवारीत मोजलेला एक मायक्रोलिटर, यांत औषध वेगवेगळं. बाटली कोमट पाण्यात धरून खडे पूर्ण विरघळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असा नियम दारावर लिहून लावला. वाण बदललं, शेत बदललं, काढणीची वेळ बदलली, तरी तेलाचं घटकप्रमाण बदलतं. त्यामुळे "ओव्याचं तेल इतके मायक्रोलिटर" असं कुठे वाचलं की मी विचारते, त्यात थायमॉल किती? हे सांगितलेलं नसेल तर तो आकडा दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही.

निसर्गातलं आहे म्हणून निर्धोक, हा समज या कामाला सगळ्यात घातक आहे. आणि तेल घातलं म्हणजे प्रतिजैविक बंद करता येईल असंही मी म्हणणार नाही. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत चालले आहेत, त्यामुळे त्यांचा वापर कमी व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण आमचा अनुभव असा की योग्य मात्रेत तेलाने दुसऱ्या दिवशीची हालचाल टिकवायला मदत होते, जंतूंची वाढही मंदावते, आणि तरीही घाणेरडं वीर्य तेलाने स्वच्छ होत नाही. विषाणूंचा तर प्रश्नच वेगळा. नर निरोगी आहेत याची खात्री आधी, मग पुढचं.

मायक्रोस्कोपवर माझा पूर्ण भरवसा कधीच बसला नाही. इओसिन-निग्रोसिनने रंगवलेल्या काचपट्टीवर जिवंत-मेलेले मोजता येतात, खवटपणा गुलाबी रंगाच्या तीव्रतेवरून मोजता येतो, आणि हे सगळं आम्ही केलं. पण कोंबडीचा निकाल वेगळा असू शकतो. तिच्या प्रजननमार्गात, गर्भाशय आणि योनी जिथे मिळतात तिथे, बारीक नळ्या असतात. आत सोडलेल्या कोट्यवधी शुक्राणूंपैकी फार थोडे तिथवर पोचतात, आणि जे पोचतात ते तिथे जिवंत राहून दहा-बारा दिवस अंडी फलित करत राहतात. एकदा रेतन केलं की आठवडाभर चिंता नाही, ती या नळ्यांमुळे. काचपट्टीवर जोरात पळणारा शुक्राणू या नळ्यांत शिरेलच असं नाही. म्हणून खरा निकाल सातव्या दिवशी, अंड्यामागे दिवा धरल्यावर. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर फलित. काहीच दिसलं नाही तर वांझ अंडं, किंवा अगदी सुरुवातीला मेलेला जीव, आणि या दोन्हींतला फरक अंडं फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिळ्या वीर्याने कधी कधी अंडं फलित होतं आणि जीव पहिल्या दोन-तीन दिवसांत मरतो. नुसत्या हालचालीच्या टक्केवारीवर लिहिलेला निष्कर्ष मला म्हणूनच अपुरा वाटतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं माझे ब्रॉयलरवाले जुने सहकारी विचारतात. त्यांना मी नवापूरची आठवण करून देते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, आणि फार्मांवरच्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. फार्मवाल्याला नवीन पिल्लं हॅचरीतून मिळतात. परसातली गावठी जात मात्र कुठल्याही हॅचरीत नसते. ती त्या दहा-पंधरा घरांतच असते. 2021च्या जानेवारीत इकडे राजस्थानात कावळे मरून पडत होते तेव्हा हीच भीती बस्सीत माझ्या समोर आली. जिवंत कोंबड्यांची ने-आण थांबली. नर एका जागी, माद्या दुसऱ्या जागी, आणि मधे बंदी. नर हलवला की त्याच्यासोबत राणीखेत, उवा, जंत, सगळंच हलतं. तपासलेल्या नराच्या वीर्याची नळी हलवणं त्या मानाने कितीतरी सुरक्षित.

दौशाच्या बाजूला एका ढाणीत, म्हणजे आपल्याकडच्या वस्तीवर, एक काकीसा होत्या. दहा-बारा देशी कोंबड्या, आणि कोंबडा रानमांजराने नेलेला. आम्ही थर्मासमध्ये बर्फाची पिशवी आणि तिच्यात गुंडाळलेली नळी घेऊन दुपारी तीननंतर पोचायचो, कारण सकाळी कोंबडीच्या पोटात कवच धरलेलं अंडं असतं आणि ते पुढे आडवं येतं. काकीसांनी पहिल्यांदा सगळा थर्मास पाहिला, आत कोंबडा नाही याची खात्री केली आणि म्हणाल्या, "मग पिल्लू कोणावर जाणार?" मी त्यांना त्या नराचा फोटो मोबाइलवर दाखवला. तुरा, पाय, छाती, सगळं त्यांनी बारकाईने पाहिलं आणि मगच कोंबडी हातात दिली. पुढे त्यांनी खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली. सातव्या रात्री त्याच मोबाइलच्या टॉर्चवर आम्ही दोघींनी ती एकेक करून पाहिली. आतल्या शिरा मला दिसण्याआधी त्यांना दिसत होत्या.

आता माझ्या डोक्यात उदयपूरचा मार्ग आहे. मेवाडी ही राजस्थानची नोंद झालेली देशी कोंबडी, तिचे चांगले नर त्या बाजूला आहेत. तिथे संध्याकाळी सहा-सात वाजता वीर्य काढून निववलं, रात्रीच्या गाडीने नळी पाठवली, तर ती सकाळी जयपूरला उतरते. तिथून बस्सी, बस्सीतून ढाणी, आणि रेतन दुपारी चारला. सगळे मिळून एकवीस-बावीस तास होतात. साधा डायल्यूटर त्या वेळेला टेकीला आलेला असतो. ओव्याच्या तेलाने आणखी चार-सहा तासांची सवड मिळाली तर गाडी उशिरा आली तरी नळी वाया जाणार नाही. उन्हाळ्यात लू चालू असताना हे करायचं नाही, नरांचं वीर्यच तेव्हा पातळ पडतं. पहिली फेरी नोव्हेंबरमध्ये घेणार आहोत. प्रत्येक गटात तीन नळ्या असतील: नुसता डायल्यूटर, डायल्यूटर आणि ट्वीन, आणि तिसरीत थायमॉल मोजून घेतलेलं तेल.